रशीदभाईंचा पहिला कागद

रशीदभाई माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी बोटं मोजतात. तुम्ही नमस्कार करा, सलाम करा, नाहीतर पेढ्यांचा बॉक्स पुढे करा. त्यांची नजर तुमच्या दोन्ही पंजांवरून फिरून येते आणि दहाच्या दहा भरली की मगच "बोला भाऊ" होतं. आमच्या नाशिकमधल्या अंबडच्या कॉलनीत नवीन आलेली माणसं दुसऱ्या भेटीला हात खिशात घालून येतात.

त्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलंय. मधली तीन बोटं कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली. तेवढ्या भांडवलावर हे गृहस्थ स्वतःला कामगार कायद्यातले पंडित समजतात. "कायद्यात अंगठ्याला लय मान हाय भाऊ," हे ते लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसालाही ऐकवतात. "करंगळीला कोन विचारत नाय." त्या माणसाच्या घशाखाली पुढे जिलेबी उतरत नाही.

पोटापाण्याला त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, तेही मुद्दाम दवाखान्यासमोर. एखादा कामगार हाताला फडकं गुंडाळून रिक्षातून उतरला की गिऱ्हाइकाचं आधारकार्ड मशीनवर तसंच टाकून हे धावतात. फार लागलं का, घरी कळवलं का, असलं काही नाही. प्रश्न एकच, "पहिला कागद कोणी लिहिला?"

पहिला कागद म्हणजे दवाखान्याचा केस पेपर. 'कसं लागलं' ते त्यावर लिहितात. तिथे 'कंपनीत काम करताना' आलं तर नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो, 'घरी' आलं की आडवा होतो. ठीक आहे, पण माणसाने किती ताणावं? माझ्या बायकोचा जिन्यात पाय मुरगळला, तर हे टेप घेऊन पायऱ्यांची उंची मोजायला हजर. पुतण्याला मुलगा झाला म्हणून पेढे द्यायला गेलो, तर पेढा तोंडात टाकून विचारतात, "जन्माचा पहिला कागद कोणी लिहिला? नाव तपासून घ्या."

खुद्द रशीदभाईंचा पहिला कागद मी लिहून घेतला होता.

मी त्याच कारखान्यात टाइम ऑफिसला, कामगारांच्या हजेरीवर आहे. जखमी माणसाला दवाखान्यात पोचवायचं आणि वाटेत साहेबांचा निरोप त्याच्या गळी उतरवायचा, "घरी लागलं म्हण, बाकी कंपनी बघेल," हे माझं काम. बारा वर्षांपूर्वी रशीदभाई शुद्धीवर नव्हते, म्हणून डॉक्टरांना मीच सांगितलं की घरी कूलरच्या पंख्यात हात गेला. महिना जानेवारी. नाशिकच्या थंडीत कूलर कोण लावतो? शिवाय त्यांच्या घरात कूलरच नव्हता. तरी कोर्टात तो कूलर जिंकला आणि हे हरले. कंपनीने औषधपाणी केलं, दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवला, विषय संपला. कागदावर आणणाऱ्याचं नाव म्हणून माझी सही होती, पण त्याबद्दल ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत. मी म्हणायचो, एवढी अक्कल असती तर केस हरले असते का?

गेल्या महिन्यात मंदाबाईचा हात प्रेसमध्ये सापडला. ही पेठ तालुक्याकडची बाई, आमच्याकडे ठेकेदाराच्या माणसांत कामाला. मी तिला रिक्षात घातलं आणि निरोप दिला. कूलरचा अनुभव गाठीशी होता, म्हणून या वेळी दारात बोटं चेंगरली असं सांगायचं ठरवलं. ती बिचारी हो हो म्हणत होती.

दवाखान्याच्या पायरीवर रशीदभाई उभेच. मला बाजूला सारून त्यांनी पिशवीतून एक लॅमिनेशन केलेला कागद काढला. "ताई, हा माझा पहिला कागद. इथं घरी लिहिलंय, म्हनून मला काय भेटलं नाय. तू खरं तेच सांग."

बारा वर्षांत मी तो कागद पाहिला नव्हता. मनात म्हटलं, झालं, आपलं नाव अर्ध्या नाशिकला दाखवून झालं असणार. वाकून बघितलं. माझ्या नावावर जखमेला लावतात तसली चिकटपट्टी होती, पिवळी पडलेली. आणि ती लॅमिनेशनच्या आत होती.

"हे का झाकलं?" मी हळूच विचारलं.

"तवा तुमची पोरं लहान होती ना, सोनवणेभाऊ," ते म्हणाले. "कॉलनीत तुमचं नाव खराब झालं असतं तर त्यांच्याशी कोन खेळलं असतं?"

मला लाज वाटली. इतकी की तिथून रिक्षा करून पळून जावंसं वाटलं.

आत डॉक्टरांनी पेन उघडून विचारलं, "कसं लागलं?" मंदाबाईने माझ्याकडे बघितलं.

"कंपनीत," मी म्हणालो. "प्रेसवर काम करताना."

"आणणाऱ्याचं नाव?"

मी पूर्ण नाव सांगितलं, हुद्द्यासकट, आणि खाली नीट वाचता येईल अशी सही केली. माझी नोकरी राहील की नाही, ते साहेब ठरवतील. मागोमाग आत आलेल्या रशीदभाईंनी तो नवा कागद दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला, दोनदा वाचला आणि मग ते मंदाबाईजवळ जाऊन बसले.

"पहिला कागद आमच्या सोनवणेभाऊंनी लिहिला हाय," ते तिला म्हणाले. "आता घाबरू नको."