हवानवीस द्वारकाबाईंनी थंडीची फौज ओळखिली त्याची हकीकत

श्रीवरुण प्रसन्न. समुद्र ज्यांचे अंगणी रोज दोन वेळां मुजऱ्यास येतो, त्या राज्यातील थोरां-धाकट्यांस दंडवत करून लिहिले जाते ऐसे जे. शके १९४७, विश्वावसु संवत्सरे, पौष शुद्ध पक्षी या किनाऱ्याचे राज्यावर उत्तरेकडून थंडी चालून आली, ती आधी कोणी ओळखिली, खोटी कोणी म्हटली आणि शेवट काय जाहला, हे साहेबी पुसिले. त्यास आम्ही जे डोळां पाहिले आणि जे जाणत्यांचे तोंडून ऐकिले ते, पदरचे थोडके मीठ घालून, लिहितो. मीठ या राज्यी मुबलक पिकते, म्हणोन साहेबी राग न धरावा.

या राज्यात ऋतू दोनच, एक घामाचा आणि एक पावसाचा. थंडी म्हणोन काही चीज घाटावर असते, ऐसे लोक ऐकून होते. रजई लग्नात आहेर म्हणून येई आणि डांबरगोळ्यांसह ट्रंकेत जाऊन बसे, आणि स्वेटर म्हणजे पाहुण्यांनी अंगात घालावयाची वस्तू. हवेचे भाकीत करण्याचे काम पूर्वी भास्करपंतांकडे होते. पंतांनी अवघी कारकीर्द एका वाक्यावर काढिली, ते हे की, "हवा कोरडी राहील, क्वचित बदल संभवतो." त्यामुळे ते कधी खोटे पडले नाहीत, आणि कोणाच्या कामीही पडले नाहीत. ऐसे न चुकणारे पुरुष दौलतीस हवेच असतात, म्हणोन सरकारांनी पंतांस थोरले कारभारी केले आणि रिकाम्या गादीवर द्वारकाबाईंस हवानवीस नेमिले. बाई कोळीवाड्यातील, बाप दर्यावर जाऊन म्हातारा जाहलेला, वडील भाऊ हिराजी हा होड्यांचा म्होरक्या, म्हणजे तांडेल; आणि बाई शहरी राहून वाऱ्या-पावसाची विद्या शिकून आल्या. स्वभाव ठाम. आल्या दिवशीच त्यांनी "संभवतो" हा शब्द दफ्तरातून हद्दपार केला, तेव्हांच पंतांचे कपाळास आठी पडली, ती आजतागायत आहे.

पुढे पौषात एके दिवशी बाई आकाशस्थ उपग्रहांची चित्रे घेऊन दरबारी आल्या आणि मुजरा करून बोलिल्या, "सरकार, उत्तरेस हिमाचे मुलखातून थंड हवेची फौज निघाली आहे. गुजराथ तिने घेतली, उद्या पहाटे ती आपले हद्दीत उतरेल. थंडी ही तिची आघाडी. मागाहून वारा येईल, तो खरा मारणारा. उद्या एकही होडी दर्यात जाऊ नये." हे ऐकोन दरबारात गलबला जाहला. कारण महिनाभर जाळी रिकामी येत होती आणि कालच बांगड्याचा मोठा थवा किनाऱ्याजवळ आल्याची खबर होती. कोळीवाड्याने बर्फ भरून, डिझेल घालून, उद्याचे पहाटेची तयारी केली होती. मग भास्करपंत खाकरून बोलिले, "बाई, या राज्यात थंडी आमचे आजोबांनी पाहिली नाही. हाती आलेला बांगडा सोडून लोकांनी आपल्या चित्रांकडे पाहत बसावे काय?" बाईंनी उत्तर केले, "पंत, आजोबांपाशी चित्रे नव्हती." तेव्हां सरकार हसले, आणि सरकार हसले म्हणोन दरबार हसला, आणि पंत तेवढे हसले नाहीत. अखेर मसलत ठरली ती ऐसी की, पहाटे वेधशाळेचे मैदानी पारा पाहावा. तो पंधराचे खाली उतरला तर बाईंचे म्हणणे खरे, होड्या राहाव्या. न उतरला तर डंका वाजवून होड्या सोडाव्या. बाईंनी अट कबूल केली आणि वर बोलिल्या की, "न उतरल्यास ही हवानवीशी मी आपण होऊन सोडीन." कोणी मागितले नसता बोलिल्या, तो त्यांचा स्वभावच.

आता घडले ते ऐका. बाईंचे भाकीत गावोगाव पोचले आणि लोकांस परम आनंद जाहला, कारण या राज्याची रीत ऐसी की, थंडी, नावापुरती का असेना, आली म्हणजे पोपटी लावावी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालावा, वर वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा, जाडे मीठ भरावे, पाल्यानेच तोंड बंद करावे आणि मडके उपडे करून भोवती गवत-काटक्यांचा जाळ करावा. थंडीवाचून पोपटी लावणे अशिष्ट, आणि थंडी येऊन पोपटी न लावणे त्याहून अशिष्ट. राज्यात मोकळे मैदान वेधशाळेचेच, आणि पारा ज्या पांढऱ्या जाळीदार पेटीत असतो तीजजवळ कापलेल्या सुक्या गवताचा ढीगही आयता. शिवाय पारा उतरतो कसा हे ज्याला त्याला जवळून पाहावयाचे. मग काय विचारता! बाई घरी नकाशे ताडून पहाटे मैदानी येतात तो पेटीस वेढा घालून पोपट्या लागलेल्या, जाळ कमरेइतका, आणि अवघे राज्य गोल करून शेकत बसलेले. ज्यांनी बाईंचे म्हणणे मानिले नाही ते घरी निजले होते. बाईंवर ज्यांचा पुरा विश्वास, त्यांनीच आग लाविली.

सरकार खुर्चीवर शाल पांघरून बसले होते, आणि पंत माकडटोपी घालून, हात काखेत धरून उभे होते. पंतांनी पेटी उघडून पारा पाहिला आणि दात वाजवीत पुकारा केला, "ते-तेवीस! थं-थंडी नाही!" त्यावर मफलर गुंडाळलेल्या लोकांनी "नाही कशी!" ऐसा हळू आवाज केला खरा, परंतु पाऱ्यापुढे आपल्या हुडहुडीची काय किंमत, ऐसे समजोन गप्प राहिले. बाई पुढे होऊन बोलिल्या, "सरकार, पेटीभोवती जाळ आहे. पारा जाळाचे सांगतो आहे. विस्तव विझवा आणि मग पाहा." हे ऐकताच मैदानी हाहाकार उडाला. अर्धी शिजलेली पोपटी विझवावी, ऐसे आजवर कोणी शत्रूसही बोलिले नव्हते. सरकारांचे नाकासही वालाचा वास लागला होता, सरकार अंमळ विचार करून बोलिले, "बाईंचे म्हणणे वाजवी आहे. पोपटी उतरली की पारा पुन्हा पाहू." परंतु पंत अटीचे पक्के. त्यांनी तोवर डंका वाजविला होता.

डंका ऐकोन बंदरावर इंजिने धडधडू लागली. बाईंनी चपला हाती घेतल्या आणि मैदानातून जे निघाल्या ते थेट वाळूवर आल्या, आणि पाण्यात गुडघाभर शिरून हिराजीचे होडीस हात घातला. हिराजी वरून ओरडला, "सोर गो बाय! डंका झाला. पारा तेवीस हाय म्हंतान."

"पाऱ्याजवल पोपटी लावलेय, दादा!"

हिराजीने समुद्राकडे पाहिले. पाणी परातीतल्यासारखे निवांत, आणि समोरच पक्षी झेपा घालीत होते, म्हणजे बांगडा तेथेच होता. मागील होड्यांतून लोक "चल तांडेल, चल!" ऐसे ओरडत होते. मग हिराजी खाली वाकून बोलिला, "मना पाऱ्याचा नको सांगू. तू सांग. वारा येल का?"

"येल."

"कवा?"

"सूर्य माडाच्या शेंड्याव येवाचे आत."

"नि नाय आला त?"

"त उद्यापासना तुज्या होडीव जाली ओढीन."

हिराजीने बहिणीचे तोंडाकडे पाहिले आणि इंजिन बंद केले. मागे वळून बोलिला, "कोनी जावाचा नाय." म्होरक्या राहिला म्हणोन बाकीचे राहिले, परंतु मुखाने जे बोलिले ते या बखरीत लिहिता येत नाही.

मग सर्व वाळूवर बसून राहिले. मैदानावरील मंडळीही उतरविलेली मडकी डोईवर घेऊन, सरकारांसुद्धा, तमाशा पाहण्यास तेथे आली. सूर्य माडांचे बुंध्यावर आला, मग मध्यावर आला, मग शेंड्यावर आला, आणि शेंडे सोडून वरही गेला, तरी एक झावळी हलली नाही. पक्षी तसेच झेपा घालीत होते. त्या समयी बाईंस भय वाटले. हवानवीशी जाईल याचे नव्हे. भावाने सर्व कोळीवाड्यादेखत आपल्या एका शब्दावर महिन्याचे अन्न सोडिले, त्याचे. पंत बोलिले, "हवा कोरडी आहे." हिराजीने मडके फोडून वालाच्या पहिल्या शेंगा बहिणीपुढे ठेविल्या आणि इतकेच म्हणाला, "खा. रातपासना जेवली नसशील."

बाईंनी शेंग सोलावयास घेतली, आणि पक्षी उठले. समुद्रावरचे सर्व पक्षी एकदम उठून जमिनीकडे आले, आणि त्यांचे पाठोपाठ उत्तरेकडून पाणी काळे होत आले, आणि मग वारा पोचला. वाळू उडाली, झावळ्या आडव्या जाहल्या, पंतांची माकडटोपी निघोन कोठे गेली ती अद्याप मिळाली नाही. जेथे बांगडा होता तेथे घटकेभरात माडाएवढ्या लाटा उठल्या. नांगरावरची एक रिकामी होडी दोर तोडून खडकावर गेली आणि तिच्या फळ्या फळ्या जाहल्या; तो आवाज ऐकोन कोळणींनी आपापली माणसे नजरेने मोजून घेतली. सगळी वाळूवर होती. कोणी जयजयकार केला नाही. मघा शिव्या देणारे उठून बाईंजवळ आले आणि नुसते बसून राहिले, आणि सरकार सोललेले अंडे हाती तसेच धरून उभे राहिले.

येणेप्रमाणे मजकूर. थंडीची फौज या राज्यात आठवडाभर तळ देऊन होती, लोकांनी डांबरगोळ्यांच्या वासाच्या रजया पांघरिल्या, आणि दरबारी कागदी हे संकट सरकारांचे पुण्याईने टळले ऐसे दाखल जाहले. तेही खोटे म्हणवत नाही, कारण सरकारांनी मध्ये पडून आणखी काही केले नाही. आठवड्याने वारा पडला. तेव्हां हिराजी तांडेल वेधशाळेवरून, पांढऱ्या पेटीवरून, न थांबता पुढे गेला, आणि बहिणीचे दारी उभा राहून हाक मारून पुसता जाहला, "बाय, जाव का?" आणि आतून "जा" ऐसा शब्द आला, तो ऐकोन अवघ्या होड्या दर्यात गेल्या.