थोरल्या पातेल्याचा होकार

विट्याच्या मालनताई कासार यांच्या दुकानातली भाड्याची भांडी विचारल्याशिवाय कुणाच्याही लग्नाला जात नाहीत. पूर्वी विचारायचं काम त्यांचे यजमान श्रीपतराव करत. सकाळी दुकान उघडलं की ते मांडणीसमोर उभे राहून तारीख, गाव आणि जेवणारी माणसं मोठ्याने सांगत. ज्याला जायचं असेल ते भांडं हलकंसं वाजे. श्रीपतराव गेल्यावर तीन वर्षं मालनताईंनी तसंच विचारून पाहिलं, पण भांड्यांनी त्यांना उत्तर दिलं नाही. म्हणून त्यांनी वेबसाइट करायचं ठरवलं आणि माझ्याकडे आल्या.

मी सांगलीत वेबसाइट बनवते. आजवर बावीस बनवल्या, आणि एकही कुणाला वापरायला अवघड गेलेली नाही. ही बढाई नाही. बढाईसाठी माझ्याकडे दुसऱ्या गोष्टी आहेत.

"अडचण थोरल्याची हाय," मालनताई पहिल्याच भेटीत म्हणाल्या. थोरलं म्हणजे दोनशे माणसांची आमटी होणारं पितळी पातेलं. "त्ये हललं न्हाई तर बाकीची हलत न्हाईत. मानपान असतोय त्यांच्यात. तीन वर्सं सगळी बसून हायती. यंदा तुळशीच्या लग्नापर्यंत निघाली न्हाईत तर दुकान बंद करून समदं मोडीत देणार हाय मी."

"निघतील," मी म्हणाले.

"कशावरनं?"

"वापरायला सोपं केलं की सगळे वापरतात."

आमच्या धंद्यातलं हे एकच सत्य आहे. कुणासाठी सोपं करायचं एवढं आधी ठरवावं लागतं. गिऱ्हाइकांसाठी मी नेहमीचा फॉर्म केला. भांड्यांसाठी वेगळं लॉगिन केलं आणि दुकानातल्या मांडणीला एक टॅब्लेट टेकवून ठेवला. त्यांना बोटं नसल्यामुळे बटणं तळहाताएवढी ठेवली, म्हणजे नुसती कड टेकली तरी पुरे. बटणं दोनच, 'जाईन' आणि 'नाही'. फोटोंवरून थोडी कुरबूर झाली. परातींनी फोटोला 'नाही' दाबलं, आणि कल्हई झाल्यावर काढू का असं विचारल्यावर 'जाईन' दाबलं. ते रास्तच होतं. कल्हईवाला येऊन गेल्यावर फोटो काढले.

पहिल्या आठवड्यात अकरा बुकिंग आली. थोरल्याने अकराही वेळा 'नाही' दाबलं. त्याच्यामागोमाग परातींपासून वाट्यांपर्यंत सगळ्यांनी 'नाही' दाबलं.

मी तडक विट्याला गेले आणि मालनताईंना सगळी वेबसाइट शब्दन् शब्द वाचून दाखवली. अटींमधल्या चौथ्या ओळीला त्यांनी मला थांबवलं. 'वापरानंतर भांडी स्वच्छ धुऊन रिकामी परत करावीत.'

"आगं बाई," त्यांनी कपाळावर हात मारला. "रिकामं भांडं परत धाडतं का कुणी? शेजारणीची वाटी तरी देतीस का तू रिकामी?"

मी देत नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालतेच. पण ती अट मी खुर्च्या भाड्याने देणाऱ्या एका वेबसाइटवरून जशीच्या तशी उचलली होती, आणि खुर्च्यांनी कधी तक्रार केली नव्हती. चूक सर्वस्वी माझी होती. मी मांडणीसमोर उभी राहून माफी मागितली आणि तिथेच बसून अट काढली. तिच्या जागी 'परत पाठवताना भांड्यात काय घालाल?' असा रकाना केला. परातींनी 'जाईन' दाबून संमती दिल्यावर 'पंगतीत आग्रह कोण करणार?' हाही रकाना घातला आणि तो सक्तीचा केला. बुफेवाल्यांना तो भरताच येईना. मला त्यांचं फारसं वाईट वाटलं नाही.

धाकटी भांडी आता 'जाईन' दाबू लागली, पण 'थोरलं गेल्यास' या अटीवर. थोरलं मात्र 'नाही' वर ठाम. तुळशीचं लग्न पाच दिवसांवर आलं. मोडवाला येऊन सगळा माल नजरेनेच तोलून गेला. तो गेल्यावर मालनताई पायरीवर बसल्या.

"तीन वर्सं रोज हातानं पुसतीया मी त्येला," त्या म्हणाल्या. "मालकांशी बोलायचं. माझ्याशीच का बोलत न्हाई?" आणि त्या रडल्या. मीही रडले, आणि मी सहसा कामाच्या ठिकाणी रडत नाही.

मग मला माझी दुसरी चूक सापडली. नकार आला की कारण विचारायचं असतं. मी 'नाही' खाली एक मोकळा रकाना केला, अक्षरं बशीएवढी ठेवली आणि नुकतंच नाकारलेलं, लेंगरे गावच्या एका लग्नाचं बुकिंग पुन्हा पाठवलं. लिहायला थोरल्याला सबंध सकाळ लागली.

'मालन तीन वर्षांत कुणाच्या पंगतीला बसलेली नाही. ती येणार असेल तर जाईन.'

मालनताईंनी ते दोनदा वाचलं. "माझ्यासारखीला लग्नात कोण बोलावतंय? आन् बोलावलं तरी जायचं का आपण?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा," मी म्हणाले. "मी सोय करून देते."

सोय करायला दहा मिनिटं लागली. भांड्यांच्या यादीत मालनताईंचं नाव घातलं, फोटो घातला आणि त्यांना स्वतंत्र लॉगिन दिलं. लेंगरेकरांकडून उलट निरोप आला की ताई आल्या तर पहिल्या पंगतीला बसवू. मालनताईंनी बोट पदराला पुसलं, बराच वेळ बटणांवर धरलं आणि 'जाईन' दाबलं. टेम्पोत त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि थोरलं मागे. लेंगऱ्यात त्यांना चार वेळा जिलबी वाढली. चौथी त्यांनी मागून घेतली.

हे गेल्या वर्षीचं. आता दोघांना एकत्रच मागणी असते. परवा भाळवणीच्या एका बागायतदाराचा मला फोन आला.

"मॅडम, आमचं बुकिंग पक्कं का होत नाही?"

"थोरल्याचा होकार आलाय. मालनताईंचा यायचाय."

"पाचशे माणूस जेवणार आहे, तुम्ही जरा त्यांना सांगा की."

"सांगता येत नाही. त्या विचार करताहेत."

"कसला विचार?"

"त्या दिवशी त्यांना घरी राहावंसं वाटतंय," मी म्हणाले, आणि बागायतदाराला दुसऱ्या तारखा बघायला सांगितल्या.