मास्तरांचा हिरो फाटकातच उभा

आमच्या शेजारच्या टेलरमास्तरांनी माझ्या सायबर कॅफेत बसून कितीतरी वीर घडवले, पण त्यातल्या एकालाही गावाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही.

वीर म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळातले. दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. सिडकोत आमचा लहानसा कॅफे होता आणि भिंतीला भिंत लागून मास्तरांचं जेन्ट्स टेलरिंगचं दुकान. मास्तर मूळचे चांदवडचे. मधुकर जगताप हे नाव फक्त लाइटबिलावर, बाकी सगळ्यांसाठी मास्तर. पन्नाशी उलटलेली, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि इंजिनिअरिंगला शिकणारी मुलगी सोनल.

सोनलचा निकाल बघायला ते पहिल्यांदा कॅफेत आले. निकाल चांगला लागला, त्यांनी सगळ्या मशीनवरच्या पोरांना पेढे वाटले आणि वाटता वाटता एकाच्या मागे उभे राहिले. पडद्यावर चिलखत घातलेला एक तरुण तलवार परजत होता.

"मुंढा बघा केवढा वर घेतलाय," मास्तर म्हणाले. "काखेत लय घट्ट होत असंल त्याला."

"मास्तर, तो दुनिया वाचवायला चाललाय!"

"जाऊ दे की. पण हात वर केला की सगळं चिलखत वर येईल. दुनियेनं हसायचं का त्याला?"

या खेळांचे दोन प्रकार असतात, ते इथेच सांगून टाकते. एका प्रकारात नायक तयारच मिळतो. त्याला नाव असतं, गाव असतं, बापाला मारणारा वैरी असतो. आपण फक्त त्याला चालवायचं. दुसऱ्या प्रकारात समोर कोरा माणूस येतो. नाक, जबडा, उंची, खांदे, केस, कपडे, सगळं आपण ठरवायचं, नाव ठेवायचं आणि मग त्याला जगात सोडायचं. पहिल्या प्रकाराचं बारसं मास्तरांनी तिथेच केलं, 'रेडीमेड'. दुधात पाल पडल्याचं लोक ज्या तोंडानं सांगतात, त्या तोंडानं मास्तर हा शब्द उच्चारायचे. मेन रोडवरच्या रेडीमेडच्या दुकानांनी त्यांचं निम्मं गिऱ्हाईक नेलं होतं, त्यामुळे त्यांचं चूक म्हणता यायचं नाही.

दुसरा प्रकार मात्र त्यांना असा काही आवडला, की ते रोज दुपारी, गिऱ्हाईक नसायचं त्या वेळात, कॅफेत येऊन बसू लागले.

एक माणूस तयार करायला त्यांना आठवडा लागायचा. पोरं नाक-डोळे भराभर उरकून लढायला पळायची. मास्तरांची गाडी खांद्यावरच अडायची. "ताई, हे बरोबर नाय," ते मला हाक मारून सांगायचे. "एक खांदा हलवला की दुसरा आपोआप हलतोय. माणसाचे दोन खांदे सारखे कधी असतात का?" ही तक्रार खेळ बनवणाऱ्या कंपनीला कळवा, असाही त्यांचा आग्रह होता. एकदा सगळं मनासारखं जमलं आणि लोडशेडिंगची वेळ झाली. आमचा यूपीएस त्या दिवशी बिघडलेला. पडदा काळा झाला. मास्तर शांतपणे म्हणाले, "कच्ची शिलाई होती, उसवली," आणि लाइट आल्यावर पुन्हा टाळूपासून सुरुवात केली.

नावंही ते साधी ठेवायचे. विलास, अशोक, बाळासाहेब. तर असा एखादा बाळासाहेब आठवडाभरानं तयार व्हायचा, गावात यायचा, चार लोकांना भेटायचा, विहिरीपर्यंत जायचा आणि फाटकाशी येऊन थांबायचा. फाटकाबाहेर रान, रानात लांडगे.

"मास्तर, काढा की बाहेर!" पोरं ओरडायची.

"काज-बटण बाकी आहे."

हे त्यांचं जगप्रसिद्ध वाक्य. सिडकोतल्या प्रत्येक पुरुषानं ते ऐकलेलं होतं. माझ्या धाकट्या दिराच्या लग्नासाठी यजमानांनी शिवायला टाकलेली पॅन्ट सत्यनारायणाच्या पूजेनंतर मिळाली, तीही मी दुकानात ठाण मांडून बसले म्हणून. दरवेळी काज-बटण बाकी. गिऱ्हाईक चिडायचं, मग मास्तर चहा मागवायचे, गिऱ्हाईक बाकावर बसायचं, गप्पा व्हायच्या, आणि उद्याचा वायदा घेऊन ते हसत घरी जायचं.

मला कामाची उरकाउरकी आवडते, त्यामुळे हे सगळं डोक्यात जायचं. एकदा टाचण्या मागायला गेले तर दुकानातल्या पडद्यामागे हँगरला कपडे दिसले. शिवलेले, काज-बटण झालेले, इस्त्रीसुद्धा मारलेली.

"मास्तर, हे तर सगळं तयार आहे! मघाशी त्या माणसाला परत का पाठवलंत?"

मास्तरांनी टाचण्यांची डबी माझ्यापुढे सरकवली. "दिलं की माणूस एकदम दिवाळीला उगवतो, ताई," ते म्हणाले. "उद्या येईल की. त्याला चालायचा व्यायाम सांगितलाय डॉक्टरनी."

मी टाचण्या घेऊन आले.

एकदा मात्र गंमत अंगाशी आली. मास्तर चहा सांगायला बाहेर गेले तेवढ्यात पोरांनी त्यांच्या अशोकला फाटकाबाहेर काढलं. पहिल्याच लांडग्यानं अशोक संपला. मास्तर परत आले, पडद्याकडे बघत उभे राहिले. पोरं म्हणाली, "त्यात काय मास्तर, आमचा हिरो रोज दहादा मरतो."

"तुमचा मेला तर कंपनीचा मेला," मास्तर म्हणाले. "हा माझ्या हातचा होता." आणि निघून गेले. पोरांनी दुकानात जाऊन माफी मागितली तेव्हा कुठे ते पुन्हा यायला लागले.

पुढच्या वर्षी सोनलला बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. मास्तरांनी पुन्हा पेढे वाटले, पण या वेळी ते कुणाच्या मागे उभे राहिले नाहीत. ऑफिसात घालायला दोन फॉर्मल शर्ट आणि दोन पॅन्ट पाहिजेत, ते कपडे पप्पांनीच शिवायचे, असं सोनलनं सांगितलं. कापड तिनं स्वतः निवडलं. मास्तरांनी माप घेतलं. मग काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

जायचा शनिवार जवळ आला तरी कपड्यांचा पत्ता नव्हता. तिच्या सामानाची यादी मी करून दिली होती. उशी, टॉर्च, फोटोंच्या प्रती, सगळ्यावर खूण झाली होती. राहिले होते ते कपडेच. गुरुवारी दुपारी सोनल तरातरा कॅफेत आली. मास्तर पडद्यासमोर बसलेले, विलास फाटकात उभा.

"पप्पा, कपडे."

"काज-बटण बाकी आहे गं."

"ठीक आहे. मी संध्याकाळी मेन रोडवर जाऊन रेडीमेड घेते."

कॅफेतल्या सगळ्या पोरांनी माना वळवल्या. मास्तरांनी माउस सोडला.

"रेडीमेड? तू?"

"मग काय करू? पहिल्या दिवशी ऑफिसात काय टेप गुंडाळून जाऊ?" तिनं पडद्याकडे बोट केलं. "हा कधीपासून उभाय इथं?"

"गणपतीपासून," एका पोरानं तत्परतेनं सांगितलं.

"बाहेर लांडगे आहेत," मास्तर म्हणाले.

"असू देत ना. सिटी बसमध्येपण असतात. चार वर्षं कोपर मारत कॉलेजला गेलेय मी." मग तिचा आवाज जरा खाली आला. "पप्पा, विलासला तुम्ही बनवलंय. त्याचं डोकं, त्याचे हात, सगळं तुम्ही ठरवलंत. मला नाही बनवलं तुम्ही. मी तुमच्यासमोर मोठी झाले, पण माझी माझी झाले."

 मास्तर उठले, दुकानात गेले आणि हँगर घेऊन परत आले. दोन शर्ट, दोन पॅन्ट, कडक इस्त्री. शिवून केव्हाच झाले होते. सोनलनं माझ्या आतल्या खोलीत जाऊन एक जोड घालून बघितला. बाहेर आली तर मास्तर सवयीनं टेप काढून पुढे झाले, आणि माप न घेताच टेप पुन्हा गळ्यात टाकला. सोनल हसली. मग तिनं डोळे पुसले, आणि मी यादीतल्या शेवटच्या ओळीवर खूण केली.

शनिवारी द्वारका चौकातून ती पुण्याच्या गाडीत बसली, तिथून पुढे बंगळूर. आम्ही दोघं-तिघं सोडायला गेलो होतो. गाडी वळेपर्यंत मास्तर हात हलवत होते, आणि वळल्यावर कंडक्टर मराठी आहे का, हे विचारायचं राहिलं म्हणून हळहळत होते.

सोमवारी दुपारी ते कॅफेत आले. मी त्यांच्यासाठी विलासचा खेळ लावायला घेतला.

"तो नको, ताई. तो रेडीमेडवाला लावा. पोरं खेळतात ना, त्यातली ती मुलगी."

मी तो खेळ लावून दिला. त्या खेळातली मुलगी तयार मिळते. नाव तिचं, गाव तिचं, आणि पहिल्याच प्रसंगात ती घर सोडून निघते. खेळणाऱ्याला तिचा चेहरा फारसा दिसत नाही, आपण कायम तिच्या मागे असतो. मास्तरांनी चाचपडत तिला चालवली. फाटक आलं. त्यांचा हात थांबला, पण कुणी ओरडलं नाही. त्यांनी तिला बाहेर काढलं.

रानात लांडगा आलाच. मास्तरांनी घाबरून कीबोर्डवरची हाताला येतील ती सगळी बटणं दाबली. त्यातलं कुठलं लागू पडलं देव जाणे, पण लांडगा आडवा झाला आणि मुलीनं तलवार म्यान केली.

"हिला येतंय की हो!" मास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढे रस्ता लांबलचक होता, डोंगराकडे जाणारा. मुलगी चालत राहिली. मास्तरांनी चष्मा वर केला आणि पडद्याजवळ वाकून तिच्या अंगरख्याकडे निरखून बघितलं.

"पाठीत कुठंही झोळ नाय बघा, ताई," ते म्हणाले. "चालली तरी नाय. ज्यानं शिवलं त्यानं जीव लावून शिवलंय."