गारठलेल्या माशांची सरबराई

मासे सांभाळणं म्हणजे डाव्या हातचा मळ, पाहुण्यासारखी ऊब द्यायची आणि ताट रिकामं दिसू द्यायचं नाही, असं जावईबापूंनी सासऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं. आधी कोंबड्या, मग अळंबी, दोन्हींचं वाटोळं करून आता जावयाला माशांचा उमाळा आला होता. पण लेकीने फारच गळ घातली, तेव्हा ते म्हणाले, एक दिवस माझ्या शेडमधले मासे सांभाळून दाखवा, टाक्या तुमच्या. नाहीतर शेजारी विकत घ्यायला टपलेलाच आहे. गारठ्यात माशाची भूक मरते, खाणं मूठभरच टाका, असं बजावून ते डोळे तपासायला गेले.

पहिल्याच टाकीत मासे तळाशी ढिम्म! जावईबापूंचं काळीज पाघळलं. त्यांनी पाणी तापवायच्या कांड्या आत सोडल्या, वरून घरातली सगळी पांघरुणं ताणली. मग त्यांना कोपऱ्यातलं यंत्र दिसलं, नळीतून पाण्यात हवा सोडणारं. कुडकुडणाऱ्यावर कुणी फुंकर घालतं का? त्यांनी ते बंद केलं.

पाणी कोमट झालं, मासे खायला लागले. पोतं अर्धं रिकामं झालं. मग सगळे आ वासून वर आले. जावईबापूंनी कौतुकाने बायकोला बोलावलं.

"बघ, तोंड उघडून मागतायत. तुझ्या बाबांनी उपाशी मारलंय यांना."

"अहो, मागत नाहीत ते, गुदमरलेत! कोमट पाण्यात आधीच हवा कमी, त्यात पोटं तट्ट."

तिने कांड्या उपसल्या, पांघरुणं भिरकावली. मदत म्हणून जावईबापूंनी दिसेल ते बटण दाबलं आणि फ्यूज उडवून शेडभर अंधार केला. फोनवर वायरमन म्हणाला, जेवून येतो. तोवर बायकोने नवऱ्यालाच टाकीत उतरवलं. बादली भरायची, उंचावरून ओतायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. वायरमनचं जेवण संध्याकाळपर्यंत चाललं. तो येऊन यंत्र सुरू करून गेला आणि सासरे दारात उभे राहिले.

"किती मेले?"

"एकही नाही, बाबा," लेक म्हणाली. "दुपारपासून हे स्वतः पाणी ओततायत."

सासरे कमरेइतक्या पाण्यातल्या जावयाकडे बघत राहिले. कोंबड्यांसाठी हा माणूस खुर्चीतून उठला नव्हता.

"या बाहेर," ते म्हणाले. "टाक्या तुमच्या."

जावईबापूंचा ऊर भरून आला. बाहेर येताना आधाराला त्यांनी हवेची नळी धरली. ती यंत्रासकट टाकीत आली.