छत्तीस म्हणजे छत्तीस

भिकाजींच्या कॅमेऱ्यात सहा फोटो शिल्लक होते आणि लेन्सवर बुरशी चढली होती.

कॅमेरा खरं तर त्यांच्या बायकोचा, सुभद्राबाईंचा. बोटीवर काम करणाऱ्या त्यांच्या भावाने आणलेला, जुना, रशियन. बघायची खिडकी एकीकडे, लेन्स दुसरीकडे. रोलमधले तीस फोटो सुभद्राबाईंनी काढले, आणि दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. उरलेले सहा तसेच राहिले. काढलेत तेवढे धुवून घ्या, असं सगळेच भिकाजींना सांगत. पण सुभद्राबाईंनी अर्धा रोल कधी धुवायला दिला नव्हता. छत्तीस म्हणजे छत्तीस.

कट्टा गावच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या सत्यवानाने लेन्स साफ करायला घेतली.

"काकानू, सगळा जोडलंय. एक चकती उरली."

"उरली म्हणजे?"

"म्हणजे तिच्याशिवाय चालता काय बघूया."

चालली नाही. मग भिकाजींनी मुंबईच्या पुतणीला, रसिकाला, फोन केला. तिने दुसऱ्या दिवशी एका जुन्या लेन्सचा फोटो पाठवला.

"काका, ही बघा. एकदम स्वस्त."

"ही पेल्याएवढी आसा. पिशवीत जावची नाय."

"मग मोठी पिशवी घ्या ना."

कॅमेऱ्याची पिशवी सुभद्राबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याची शिवली होती. रसिकाला ते जरा वेळाने आठवलं आणि तिने पुन्हा तो विषय काढला नाही. ती शोधत राहिली. लहान असायची ती परवडायची नाही, परवडायची ती पेल्याएवढी निघायची. चार महिन्यांनी मुंबईत जुन्या सामानाच्या दुकानात एक मिळाली. लहान, स्वस्त आणि नळी आत ढकलता येणारी.

"फोटो काढताना नळी बाहेर ओढायची, काका. विसरू नका. नाहीतर सगळं धूसर येईल."

"नळी ओढूची. लक्षात ठेवतंय."

मे महिना तोंडावर होता. गावचा माणूस मुंबईहून येत असताना वस्तू कुरियरने मागवायची म्हणजे त्याचा अपमान. त्यामुळे लेन्स सुदेशच्या गाडीतून आली. त्याच गाडीत नऊ घरांचं सामान होतं. भिकाजी आणि शेजारच्या राधाबाई यांच्या दोन डब्या सुदेशने एकाच पिशवीत टाकल्या होत्या. दोन्ही गोल, दोन्ही तपकिरी. त्याने हाताला येईल ती एकेका घरी दिली.

भिकाजींनी डबी उघडली. आत बारीक तपकिरी पूड. जुनी वस्तू, धूळ बसली असेल, असं समजून त्यांनी जोरात फुंकर मारली. ती तपकीर होती. भिकाजी दुपारपर्यंत शिंकत होते.

डोळे पुसत ते शेजारी गेले. राधाबाई पडवीत तांदळातले खडे वेचत होत्या. डोळ्याला भिकाजींची लेन्स लावलेली.

"भावजीनू, बघा माझ्या झिलान काय धाडल्यान. डोळ्यांक दिसना नाय म्हणान सांगलेलंय, तर ह्या भिंग धाडल्यान. तीन वर्सा इलो नाय, पण आवशीचा ध्यानात ठेवल्यान."

झील म्हणजे मुलगा, सुशांत. त्याने फक्त तपकीर पाठवली होती, आणि ती भिकाजींच्या खिशात होती. डबी पुढे करून एक वाक्य बोललं की काम होणार होतं. भिकाजींनी तोंड उघडलं आणि शिंकले.

"सर्दी झाली?"

"होय," म्हणून ते घरी आले.

"काका, सरळ सांगून टाका त्यांना," रसिका फोनवर म्हणाली.

"तुका सांगूक काय जाता."

दुसऱ्या दिवशी ते मालवणला जाऊन दांडीचं चांगलं मोठं भिंग घेऊन आले.

"वैनी, ह्या माका इला. तुमच्यापेक्षा मोठा आसा. बदलतास?"

राधाबाईंनी ते हातातही घेतलं नाही. "झिलान धाडलेली वस्तू बदलू?"

"मग दोन दिवस उसना देवा. फोटो काढूचे आसत."

"कोणाचे?"

"तुमचे," भिकाजींच्या तोंडून निघून गेलं. "सुशांताक धाडूक."

राधाबाई सूप बाजूला ठेवून उठल्या. त्यांनी लेन्स पदराने पुसली, तिची दोन्ही झाकणं घट्ट लावली, ती भिकाजींच्या हातात दिली आणि गाय धुवायला गेल्या. भिकाजींनी खिशातली डबी काढून पायरीवर ठेवली.

"ही पण झिलान धाडल्यान. सुदेश देवक इसारलो होतो."

संध्याकाळी राधाबाई नवीन लुगडं नेसून आल्या. भिकाजींनी मागचं झाकण काढून लेन्स बसवली. नळी ओढली, दोनदा तपासली. खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं. तीन फोटो गायीबरोबर, दोन तुळशीपाशी आणि एक तपकीर ओढताना. छत्तीस पुरे झाले.

रोल कोल्हापूरला धुवायला गेला आणि पंधरा दिवसांनी पाकीट आलं. भिकाजी ते घेऊन ओट्यावर बसले.

सुभद्राबाईंच्या तीसच्या तीस फोटोत भिकाजी स्वतःच होते. विहिरीपाशी, माडाखाली, तारकर्लीच्या वाळूत. कुठेच हसलेले नाहीत, आणि प्रत्येक फोटोत डावी मूठ घट्ट मिटलेली. ती का, हे त्यांना काही आठवेना.

शेवटचे सहा काळे होते. राधाबाई काळ्या, तुळस काळी, पांढरी गायसुद्धा काळी.

त्यांनी कॅमेरा पिशवीतून काढून उलटा धरला. लेन्सचं पुढचं झाकण अजून जागच्या जागी होतं. तेव्हा त्यांना मूठ आठवली. फोटो काढण्याआधी सुभद्राबाई झाकण काढून त्यांच्या हातात द्यायच्या. इतकी वर्षं ते कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला उभे होते. मागच्या बाजूला काय काय करायचं असतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"भावजीनू," राधाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "फोटो इले?"

"इले. तुमचे परत काढूचे लागतले."

"कित्याक? गाय हलली?"

"होय. गाय हलली."

"तरी मी तिका सांगी होतंय. आणि माझा भिंग?"

"आणखी दोन दिवस ठेवतंय."

नवीन रोल आला. गाय पुन्हा धुतली गेली, लुगडं पुन्हा नेसलं गेलं. भिकाजींनी लेन्सचं झाकण काढलं, चार पावलं पुढे गेले आणि ते राधाबाईंच्या हातात ठेवलं.

"ह्या कित्याक?"

"धरा," भिकाजी म्हणाले. "हरवू नकात."