जड गंधकाचा माग

बाटलीतलं जड गंधक सासऱ्यांना हलकं वाटलं आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

सासरे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. सून जंगलातल्या गंधकाच्या फेऱ्यावर संशोधन करायची. मातीतलं गंधक झाडात चढतं, पानांबरोबर परत मातीत येतं. त्याचा माग काढायला तिने जड गंधकाचा पांढरा क्षार मागवला होता. याचा अणू नेहमीच्या गंधकापेक्षा किंचित जड. झाडाला फरक कळत नाही, यंत्राला कळतो. एवढीशी बाटली, तीही कितीतरी खेटे घातल्यावर मिळालेली. आज ती जंगलात शिंपायची होती. हा हंगाम हुकला की पदवी हुकली.

हे तिने रात्री जेवताना नीट समजावलं होतं. सासऱ्यांनी त्यातला ‘जड’ तेवढा उचलला. सकाळी ती आंघोळीला जाताच त्यांनी बाटली काट्यावर ठेवली. भरलं जेमतेम तेवढ्याच मिठाएवढं. पोरीला भोळी बघून कुणीतरी गंडवलं, यात शंकाच नव्हती. तिला कमीपणा नको म्हणून ते गुपचूप कोपऱ्यावरच्या खतवाल्या मित्राकडे गेले.

सून बाहेर आली तेव्हा टेबलावर पिवळ्या गंधकाची पिशवी होती.

“बाबा, हे काय?”

“जड गंधक. उचलून बघ, कंबर धरेल.”

“आणि बाटलीतलं?”

“ते हलकं होतं गं. खतवाल्यानं दुकानाच्या दारातल्या रोपाला घातलं.”

ती ओल्या केसांनीच धावली. खतवाल्याची शेळी रोपाचा शेंडा संपवून खारट माती मन लावून चाटत होती. तिने तिथेच पायरीवरून रडत रडत मार्गदर्शक बाईंना फोन लावला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “शेळी दूध देते का?”

शेळीच्या पोटातले जीवाणू त्या गंधकाचं प्रथिन करतात, ते दुधात उतरतं, आणि पिणाऱ्याच्या केसांत जाऊन बसतं. जंगल नाही तर नाही, माग लागला तरी पुरे, असं बाईंचं मत पडलं. दूध सगळं दुकानातल्या चहात जायचं. चहा दोघेच प्यायचे. त्यांतल्या खतवाल्याला टक्कल, दाढीमिशी सफाचट. सासऱ्यांच्याही डोक्यावर काही उरलेलं नव्हतं. उरली होती ती लग्नाआधीपासून जोपासलेली झुबकेदार मिशी.

काही महिने चहा पाजून एके दिवशी ती मिशी वस्तऱ्याने कोऱ्या कागदावर उतरवण्यात आली. यंत्राने त्यात जड गंधक दाखवलं. पदवी वाचली.

सासरे उघड्या ओठावरून बोट फिरवत आरशापुढे उभे होते.

“इतक्या वर्षांत,” सासूबाई म्हणाल्या, “पहिल्यांदा काही उपयोग झाला हो तिचा.”