फौजदाराला कोणी काय खायला घातलं?

"आयुष्यभर वजनमापं तपासली, डॉक्टर. किलोमागे पाच ग्रॅमची लबाडी माझ्या नजरेतून कधी सुटली नाही. निवृत्तीनंतर मी माणसं तोलतो. पोलिसांना जे दिसत नाही, ते मला ऐकूसुद्धा येतं. ही माझी सहायक."

सहायक म्हणजे मी, त्यांची मुलगी. मी घरून भाषांतरं करते, त्यामुळे बाबांच्या मते दिवसभर मोकळीच असते.

"आणि हा?" प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावरच्या आमच्या कुत्र्याकडे बोट दाखवलं.

"फौजदार. या प्रकरणातला फिर्यादी."

फिर्यादीनं तेवढ्यात बाबांच्या कोटाच्या बाहीवर जबाब नोंदवला, म्हणजे ओकला. आठवडाभर त्याचं हेच चाललं होतं.

बाहीकडे न बघता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त तपासलंय. मूत्रपिंडावर ताण दिसतोय. कोणीतरी याला नको ते खायला घालतंय. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण, बिनसाखरेच्या गोड गोळ्या. आपल्याला चालतं म्हणून त्याला चालत नाही. पुन्हा असं काही पोटात गेलं तर मी वाचवेन असं सांगू शकत नाही."

बाबांनी मान डोलावली. "विषप्रयोग," ते मला हळूच म्हणाले, म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या मांजरीलाही ऐकू जाईल इतकं हळू.

हा त्यांचा शेवटचा तपास. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत. पण त्या दिवशी हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे दिवस नेहमीसारखाच मूर्खपणात गेला. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

घरी पोचताच त्यांनी ओळखपरेड जाहीर केली. स्वयंपाकघराच्या फरशीवर कांदा, चॉकलेट आणि द्राक्षं ओळीनं मांडली आणि प्रत्येकावर काचेची बरणी उपडी घातली. फौजदार जिच्यासमोर अस्वस्थ होईल, त्या बरणीत गुन्हेगार.

"बाळ्या," आत्या म्हणाली. ती बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहते. "खून कसा झाला ते बघायला तू पुन्हा खून करतोयस."

"शास्त्र आहे, ताई."

शास्त्रानं नाकानं बरणी लोटली. चॉकलेट आणि फौजदार यांच्यामध्ये मी आडवी पडले, म्हणून निभावलं. माझं कोपर सोलवटलं. बाबांनी त्याची दखल 'झटापटीच्या खुणा' अशी घेतली.

मग फौजदार उठला, खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या बाबांच्या कोटासमोर जाऊन बसला आणि शेपूट हलवू लागला.

"बघितलंस?" बाबांनी कोटाकडे बोट रोखलं. "कोट म्हणजे बाहेर जाणं. साक्षीदार सांगतोय, गुन्हा बाहेर घडला!"

"त्या कोटाला वास येतोय," आत्या म्हणाली.

"सत्याला वास येतोच," असं म्हणून बाबांनी तोच कोट चढवला आणि आम्ही समोरच्या इमारतीतल्या हेडमास्तरांकडे गेलो. फौजदाराच्या भुंकण्यावरून त्यांचं आणि बाबांचं जुनं वैर होतं.

हेडमास्तरांनी दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावला.

"रुमाल का?" बाबांनी डोळे बारीक केले. "चेहरा लपवताय?"

"नाक लपवतोय, तुमच्या कोटापासून. बोला."

"आमच्या कुत्र्याला तुम्ही काय दिलंत?"

"शिव्या. रोज देतो. त्या त्याला पचतात."

जिना उतरताना बाबा म्हणाले, "इतकं सरळ उत्तर फक्त अट्टल गुन्हेगारच देतो." जिना संपेपर्यंत त्यांचा संशय माझ्यावर आला होता, कारण घरात चॉकलेट मीच आणते. घरात शिरताना तो आत्यावर गेला, कारण ती प्रत्येक रश्श्यात कांदा घालते.

संशयित आत्यानं त्यांच्या अंगातून कोट ओढून काढला आणि धुवायला नेला. पाण्याचा आवाज सुरू झाला आणि लगेच थांबला.

"बाळ्या! इकडे ये!"

तिनं खिसा उलटा केला होता. अस्तर ओलसर होतं, दातांनी कुरतडून फाटलेलं. त्याला चिकटलेल्या मनुका तिनं एकेक करून साबणाच्या बशीत काढल्या.

बाबांना गोड बंद होतं. ते कोटाच्या खिशात मूठभर मनुका भरून फिरायला जायचे आणि आल्यावर कोट खुर्चीवर टाकायचे. पुढचं काम फौजदार करायचा.

"खिसा रिकामा झालेला कळला नाही?" मी विचारलं.

"कळायचा ना." त्यांनी उलटा खिसा पुन्हा आत सारला. "वाटायचं, मीच खाल्ल्या. फार खातोय, उद्यापासून कमी करू."

जन्मभर लोकांच्या मापातली तूट पकडलेल्या माणसानं ही एक तूट निमूटपणे स्वतःच्या अंगावर घेतली होती.

"पोलिसात देऊ का?" आत्यानं विचारलं.

"गुन्हेगाराला पश्चात्ताप झालाय." त्यांनी मनुका कचऱ्यात टाकल्या, डबा घट्ट बंद केला, गुडघे धरत धरत फरशीवर बसले आणि बिनमिठाचा भात आणि उकडलेली कोंबडी, हाडं काढून, फौजदाराला हातानं भरवायला लागले. "सहायक, तू जरा तिकडे बघ. आम्हाला थोडं खाजगी बोलायचंय."

मी तिकडे बघितलं.

बाबा गेल्यानंतरच्या दिवसांत घर माणसांनी भरलं. फौजदारानं अन्न सोडलं. येणारा प्रत्येकजण "बिचारा!" म्हणत त्याच्यापुढे काहीतरी धरायचा, कोणी केक, कोणी क्रीमचं बिस्किट. एवढ्याशानं काय होतंय, असं प्रत्येकाचं मत. शेवटी हेडमास्तर खुर्ची घेऊन कुत्र्याशेजारीच बसले आणि प्रत्येकाला दरडावून सांगू लागले, "काही देऊ नका. तपास चालू आहे."

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आज पोटात काही गेलं नाही तर त्याला घेऊन या."

संध्याकाळी माणसं पांगली. जाताना एक मावशी माझा हात धरून म्हणाली, "वडिलांसाठी इथेच राहिलीस गं, केवढा त्याग." गेली काही वर्षं सगळे हेच म्हणत आलेत आणि मी ते म्हणू दिलं.

मी भाताची ताटली घेऊन फरशीवर बसले. फौजदार रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. मी बोटांवर थोडा भात घेऊन त्याच्या नाकापाशी धरला. तो घेईना. हात भरून आला तरी मी तसाच धरून ठेवला, आणि मग खुर्चीकडे बघत मोठ्यानं म्हणाले,

"बाबा, मी तुमच्यासाठी राहिले नव्हते. मला तुमच्याशिवाय करमायचं नाही, म्हणून राहिले होते."